कोसाला दोन हात

मोहेंबोला, जिथे नदी देशात शिरते,
दिशो रोज सकाळी सहाला मापपट्टी वाचतो.
पट्टी म्हणजे खांबावर रंगवलेले काळे आकडे,
तीनच्या खालचे मगरींनी अंग घासून पुसट केलेले.
वहीत तो तारीख लिहितो, आकडा लिहितो,
'हवा' या रकान्यात बहुतेक काहीच नाही.
मग बहिणीला फोन लावतो.

केबोन्ये बोटेटीच्या काठावर.
काठ आपला म्हणायचा. आठ वर्षं नदीच नाही.
पात्रात खड्डा खणून ती गुरांना पाजते,
पत्र्याच्या डब्याने, एकेकीला नावाने बोलावून.
"किती?"
"कालच्यापेक्षा चार बोटं जास्त."
"मग येईल?"
"ते पाण्याला विचार."

पाऊस पडला तो तिकडे, अंगोलात, डिसेंबरात,
दोघांनीही न पाहिलेल्या डोंगरांवर.
त्याचं पाणी इथवर येतं तेव्हा
आभाळ कोरडं ठणठणीत,
मोपानेची पानं तांबडी होऊन गळायला लागलेली.
ढगाचा ठिपका नाही आणि पूर.

उतार किती? कोसाला दोन हात.
एवढ्यावर नदीने काय धावायचं?
ती लव्हाळ्यात बसून राहते,
कमळांच्या देठांशी घोळते,
एखाद्या साली पपायरस तिची वाट बुजवून टाकतो.
पाणघोडे रात्री चरायला जाता-येता
शेजारून दुसरी वाट तुडवून ठेवतात,
नदी मुकाट्याने तिकडून जाते.
कधी जमिनीखाली काही हलतं,
मांडणीवरची भांडी वाजतात,
आणि पन्नास वर्षं वाहिलेलं पात्र
पुढे गुरांचा रस्ता होतं.

बेटं वारुळापासून सुरू होतात.
वाळवीने माती उचलली, पक्ष्याने बी टाकलं.
काठची झाडं पाणी पितात, मीठ पीत नाहीत.
ते मीठ सरकत सरकत बेटाच्या मध्यावर गोळा होतं.
म्हणून जुन्या बेटाला पांढरं टक्कल,
तिथे गवताची काडी नाही.
म्हणूनच भोवतीचं पाणी गोड.
बाप म्हणायचा, प्रत्येक घरात असं एक माणूस असतं.
नाव घ्यायचा नाही.
आई चुलीतली लाकडं पुढे सारायची.

मोहेंबोहून शंभर घागरी निघाल्या
तर दोन-तीन पोचतात शेवटच्या पुलाशी.
उरलेल्या उन्हाच्या, झाडांच्या.
समुद्राचं नाव या नदीवर कुणी काढत नाही.

मेमध्ये वरचे आकडे उतरू लागले.
दिशो फोनवर कमी बोलू लागला.
जूनमध्ये केबोन्येने खड्डा आणखी हातभर खाली नेला.
एक गाय मेली, जिला ती 'सासू' म्हणायची.

ऑगस्टातल्या एका दुपारी आधी बगळे आले.
पायी.
माना खाली घालून, किडे टिपत, घाईघाईने.
त्यांच्या मागे वीतभर फेस,
फेसावर काटक्या, शेण, बुडायला नकार देणारे कोळी,
आठ वर्षांची पानं.
पाणी चालत आलं, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने,
प्रत्येक खळग्याशी थांबत, तो भरेपर्यंत.
वाळू तव्यासारखी चरचरत होती.

ओफेन्त्से सात वर्षांचा.
नदी म्हणजे त्याची शाळेची वाट.
तो पाण्यापुढे उलटा चालू लागला,
तोंड पाण्याकडे, टाचा वाळूत.
पाणी एक पाऊल, तो एक पाऊल.
"मागे खड्डा आहे रे!" केबोन्ये ओरडली.
तो थबकला. पाणी थबकलं नाही.
त्याच्या पायांना वळसा घालून ते खड्ड्यात उतरलं,
डबा तरंगला, एकदा गोल फिरला,
काठाला लागून राहिला.

तिने भावाला फोन लावला.
या खेपेला त्याने विचारलं, "किती?"
तिने पोराकडे पाहिलं.
"घोट्यापर्यंत."
मग जरा वेळाने,
"थांब, लिहू नकोस अजून."